दुखतंय ना? मग दिसू द्या की!

आमवात झालाय आणि डॉक्टरांनी सांगितल्याबरोबर गोळ्याही सुरू केल्यात? इथेच चुकलात. वेळेवर औषध घेतलं की बोटं सरळ राहण्याची शक्यता वाढते, आणि सरळ बोटांवर मुंबईत कुणी विश्वास ठेवत नाही.

सकाळी उठलात की मूठ वळत नाही. पुढचा तासभर बोटं उसनी आणल्यासारखी. पण लोकल काही मूठ वळायची वाट बघत नाही, तेव्हा कणीक मळा. मनगट ओरडलं तर ओरडू द्या. कुकरचं झाकण कोपरानं दाबा आणि लोणच्याची बरणी शेजारच्या काकूंकडे न्या. काकू बरणी उघडतील, वर निर्गुडीचा पाला देतील, वांगं बंद करतील आणि विचारतील, "आमच्या सासूबाईंना सत्तरीत सुरू झालं गं, तुला एवढ्यात कसं?" आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर उलटते, ते तिशी-चाळिशीतही होतं, आणि बायकांना पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतं, असलं काही त्यांना सांगत बसू नका. बरणी परत घट्ट लावून देतील.

दिव्यांगांच्या डब्यात तर चढूच नका. तिथल्या नजरा तुम्हाला पायापासून डोक्यापर्यंत तपासतात, आणि तुमच्याकडे दाखवायला साधं प्लास्टरही नसतं. त्यापेक्षा नेहमीच्या डब्यात लोंबकळा. वरची कडी धरली तर खांदा जातो, दांडा धरला तर बोटं, आवडीप्रमाणे निवडा. दादरला फलाट बदलल्याची घोषणा झाली की जिन्यावर धावा. (थकवा हाही या आजाराचाच भाग, पण थकलेलं कोण नसतं या शहरात?)

ऑफिसात दुखण्यात सातत्य ठेवा. काल फाइल उचललीत आणि आज कप उचलवत नाही, हे साहेबांना पटत नाही. सूज आधी कळवून येत नाही, हा तुमचा प्रश्न. आमवातावरची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घेता, हे तर चुकूनही बोलू नका. रोज घेतली तर जिवावर बेतेल, हे तुम्हाला ठाऊक. साहेबांना मात्र बीपीची गोळी रोज असते. "आठवड्याला एकदाच? मग फारसं काही नाही म्हणा की!"

तरीही सकाळी तासभर उशिरा येण्याची सवलत हवी असेल, तर ते नाही म्हणणार नाहीत. फक्त अर्ज द्या. स्वतःच्या हाताने लिहिलेला, तीन प्रतींत, सकाळी साडेनऊच्या आत.