वळणं कापू नका हो!

रात्रपाळीत डोंगरवाटा दुरुस्त करतो आम्ही. कपाळावरच्या टॉर्चच्या उजेडात खड्डा आणि सपाटी सारखीच दिसते, त्यामुळे प्रत्येक दगड हाताने चाचपून बसवावा लागतो. वाटेवर तिरके चर काढतो, पाणी बाजूला वळावं म्हणून. ते वाटेवरून सरळ धावलं की माती घेऊनच जातं.

आणि दिवसा लोक काय करतात? नागमोडी वळण सोडून थेट उतारावरून खाली! दोन मिनिटं वाचवायला! तिथलं गवत तुडवून मरतं, माती उघडी पडते, पहिल्याच पावसात तिथे घळ तयार होते. आडव्या टाकलेल्या फांद्यासुद्धा उचलून फेकतात. मुद्दाम! काल पुन्हा त्याच वळणावर तेच. आता परत दगड वाहायचे, तेही अंधारात. संताप होतो नुसता!