म्हणे, पंतप्रधान थेट जनताच निवडते!

नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर आला, शाळासोबत्यांच्या ग्रुपवर तर दोनदा आला. मजकूर थोडक्यात असा: पंतप्रधान थेट जनतेने निवडलेला असतो. लोकसभेवर निवडून न आलेल्याला त्या पदावर बसवणे घटनाबाह्य आहे. सर्वांत मोठ्या पक्षाच्या नेत्याला बोलावणे राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे. एका व्यक्तीला दोनच वेळा हे पद मिळते. आणि पंतप्रधान मध्येच गेले तर उपपंतप्रधान आपोआप त्यांच्या जागी येतो. खाली ठळक अक्षरांत ‘संविधान वाचा’. लिहिणाऱ्याने स्वतः वाचले असते तर बरे झाले असते.

पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करू, कारण बाकीचा गोंधळ तिथूनच फुटतो. २० मे २०२४ रोजी आपण मतदान केले, तेव्हा यंत्रावर कोणाची नावे होती? जिल्ह्यातल्या पंधरा विधानसभा मतदारसंघांपैकी सहा नाशिक लोकसभेत येतात, सहा दिंडोरीत, आणि मालेगावचे दोन व बागलाण हे तीन धुळ्यात. तिन्हीकडे नावे होती ती खासदारकीच्या उमेदवारांची. निवडून आले राजाभाऊ वाजे, भास्कर भगरे आणि शोभा बच्छाव. तिघे तीन वेगळ्या पक्षांचे आणि तिघेही विरोधी बाकांवरचे. मेसेजचा हिशेब खरा मानला तर नाशिक जिल्ह्याने नेमका कोणाला पंतप्रधान निवडले? ९ जूनला शपथ घेतली नरेंद्र मोदींनी, आणि ते नाशिककरांचेही पंतप्रधान आहेत. कारण त्यांच्यामागे ५४३ च्या सभागृहात बहुमत होते. यंत्रावर त्यांचे नाव होते ते वाराणसीत, तेही तिथला खासदार होण्यासाठी.

हा गैरसमज का रुजतो, तेही कळण्यासारखे आहे. सिन्नर किंवा मनमाडचा मतदार नगराध्यक्षाला थेट मत देतो, गावात सरपंचालाही थेट मत पडते. नाशिक महापालिकेत मात्र आपण नगरसेवक निवडतो आणि महापौर ते निवडतात. पंतप्रधानांचे गणित महापौराच्या जवळचे आहे, नगराध्यक्षाच्या नाही. त्यातही एक फरक आहे. महापौरपदासाठी सभागृहात रीतसर निवडणूक होते, तर पंतप्रधानांना राष्ट्रपती नेमतात आणि बहुमताची परीक्षा सभागृहात होते. प्रचार एका चेहऱ्यावर चालतो हे खरे आहे. पण ती प्रचाराची रीत झाली, घटनेतली तरतूद नव्हे.

अनुच्छेद ७५ मधले वाक्य अगदी आखूड आहे: पंतप्रधानांची नियुक्ती राष्ट्रपती करतील आणि इतर मंत्र्यांची नियुक्ती पंतप्रधानांच्या सल्ल्याने राष्ट्रपती करतील. पुढे म्हटले आहे की मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार राहील. सगळी मेख या दुसऱ्या वाक्यात आहे. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले. त्या दिवशी देशातल्या एकाही मतदाराने बटण दाबले नव्हते. जनतेने थेट नेमलेला माणूस असा एका दुपारी पायउतार करता आला असता का? घटना समितीत आंबेडकरांनी हे स्पष्टच सांगितले होते. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांचा मुद्दा होता की मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक पसंती दिली आहे. सरकारला रोज जाब विचारता यावा म्हणून ही व्यवस्था मुद्दाम निवडलेली आहे.

आता लोकसभेचा मुद्दा. इंदिरा गांधी १९६६ मध्ये पंतप्रधान झाल्या तेव्हा राज्यसभेत होत्या. गुजराल राज्यसभेत होते, मनमोहन सिंग तर दहाही वर्षे राज्यसभेत होते. नरसिंह राव जून १९९१ मध्ये आणि देवेगौडा जून १९९६ मध्ये शपथ घेताना कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. घटना सहा महिन्यांची मुदत देते, तेवढ्यात निवडून यावे लागते. देवेगौडांच्या नियुक्तीला आव्हान दिले गेले, ते सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. नाशिकच्या जुन्या मंडळींना याची एक आवृत्ती आठवत असेल. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला तो नोव्हेंबर १९६२ मध्ये. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री आधी झाले, नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले ते १९६३ च्या पोटनिवडणुकीत.

पंतप्रधान लोकसभेचाच असावा, असे कोणी म्हणत असेल तर माझेही मत तिकडेच झुकते. जुलै २००८ मध्ये मनमोहन सिंगांनी विश्वासदर्शक ठराव मांडला, २७५ विरुद्ध २५६ असा जिंकला, पण त्यांना स्वतःला त्यावर मत देता आले नाही, कारण मंत्री दुसऱ्या सभागृहात बोलू शकतो, मत देऊ शकत नाही. हे विचित्र दिसते खरे. पण विचित्र आणि घटनाबाह्य यांत अंतर आहे.

‘सर्वांत मोठा पक्ष’ हा मुद्दा सर्वांत फसवा, कारण तो अर्धा खरा वाटतो. १९९६ मध्ये राष्ट्रपती शंकरदयाळ शर्मांनी १६१ जागांच्या भाजपचे नेते म्हणून वाजपेयींना बोलावले. १६ मे रोजी शपथ झाली, बहुमत जमले नाही, २८ मे रोजी राजीनामा. मग पंतप्रधान झाले ४६ जागांच्या जनता दलाचे देवेगौडा, कारण संयुक्त आघाडी आणि बाहेरून काँग्रेस असे मिळून आकडा भरत होता. १९८९ मध्ये १९७ जागांची काँग्रेस सर्वांत मोठी होती. राजीव गांधींनी दावा केला नाही, आणि १४३ जागांच्या जनता दलाचे व्ही. पी. सिंग पंतप्रधान झाले. १९९८ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी तर सर्वांत मोठ्या पक्षाकडूनच आधी पाठिंब्याची पत्रे मागितली. आणि १९७९ चे काय? पंतप्रधान मोरारजी देसाईंच्या राजीनाम्यानंतर राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डींनी पहिल्यांदा विचारले ते विरोधी पक्षनेते यशवंतरावांना. त्यांचा पक्ष काही सभागृहात सर्वांत मोठा नव्हता, पण अविश्वास ठराव त्यांनी आणला होता. सरकार बनवणे जमणार नाही, असे त्यांनी कळवले. मग चरणसिंग आले आणि लोकसभेला एकदाही सामोरे न जाता २० ऑगस्टला राजीनामा देऊन मोकळे झाले. राष्ट्रपती बदलले तशी पद्धत बदलली. कसोटी एकच राहिली, लोकसभेत कोणाला बहुमत मिळू शकते. त्रिशंकू सभागृहात राष्ट्रपतींच्या विवेकाला वाव उरतो, त्यावर वाद घालायला भरपूर जागा आहे. मेसेजमधले ‘बंधनकारक’ मात्र कुठेच लिहिलेले नाही.

दोनच वेळा? ही मर्यादा अमेरिकेच्या अध्यक्षाला आहे. आपल्याकडे नेहरू १९४७ पासून २७ मे १९६४ ला मृत्यू होईपर्यंत पदावर होते.

राहिला उपपंतप्रधान. हे पद घटनेत नाहीच. नेहरू गेले तेव्हा उपपंतप्रधान कोणी नव्हते, गुलझारीलाल नंदांना शपथ देण्यात आली आणि ९ जूनला शास्त्रीजी आले. १९७९ मध्ये मोरारजी गेले तेव्हा जगजीवनराम उपपंतप्रधान होते, पण पद आपोआप त्यांच्याकडे गेले नाही. डिसेंबर १९८९ मध्ये देवीलाल शपथ घेताना ‘मंत्री’ ऐवजी ‘उपपंतप्रधान’ म्हणाले. राष्ट्रपती वेंकटरामन यांनी दुरुस्त करूनही पुन्हा तेच म्हणाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९० मध्ये निकाल लागला की शपथ वैध आहे, उपपंतप्रधान हे केवळ वर्णन आहे, आणि त्या नावामुळे देवीलाल यांना पंतप्रधानांचा कोणताही अधिकार मिळत नाही; ते इतर मंत्र्यांसारखेच एक मंत्री आहेत.