बोन्साय उपाशी ठेवून लहान राहत नाही

मोबाईलवर एक मजकूर सारखा फिरतो: बोन्साय म्हणजे झाडाचा छळ. मुळं छाटतात, खतपाणी तोडतात, तारांनी जखडतात; झाड खुरटतं आणि लवकर मरतं; परदेशी हौशींना तर ते फक्त दिवाणखान्याच्या शोभेसाठी हवं असतं. मुळं छाटणं आणि तारा खऱ्या. बाकी सगळं खोटं.

उपासमारीचा आरोप तर पार उलटा आहे. जपानी ब्लॅक पाइनला वसंतापासून पेंडीचं खत भरपूर देतात. मग जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत त्या वर्षीचे कोंब बुडाशी कापतात. तिथून दुसरी फूट येते. तिला वाढायला साधारण शंभर दिवसच मिळतात, म्हणून सुया, म्हणजे पाइनची सुईसारखी पानं, आखूड राहतात. अशक्त झाडाचे कोंब कापले तर दुसरी फूट येतच नाही, फांदी वाळते. (एका झुबक्यात पाच सुया असणाऱ्या व्हाइट पाइनवर हे मुळीच करू नये.) पाण्याचंही तेच. कुंडी उथळ, माती दाणेदार, त्यामुळे भर उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी लागतं. जपानी बागवान म्हणतात, पाणी घालायला शिकण्यातच तीन वर्षं जातात.

मुळं मेपलची दोन-तीन वर्षांनी, जुन्या पाइनची तीन ते पाच वर्षांनी छाटतात. तीही कळ्या फुटायच्या तोंडावर, साधारण एक तृतीयांश. न छाटल्यास मुळांचा गच्च गोळा होतो, पाणी कडेने निघून जातं आणि गाभा कोरडा राहतो. छाटल्यावर पाणी शोषणारी बारीक मुळं फुटतात.

तार फांदीच्या एक तृतीयांश जाडीची, ४५ अंशांत गुंडाळलेली. ती सालीत रुतू लागण्याआधी तुकडे करून काढायची; उलगडायला गेलं की फांदी मोडते.

लवकर मरतं म्हणणाऱ्यांनी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयातला यामाकी कुटुंबाचा व्हाइट पाइन पाहावा. तो १६२५ पासून बोन्साय म्हणून जोपासला आहे. ६ ऑगस्ट १९४५ ला तो हिरोशिमात, स्फोटापासून सुमारे ३ किलोमीटरवर होता. १९७६ मध्ये तो अमेरिकेला भेट मिळाला.

परदेशी हौशींपैकी काहीजण जपानी गुरूंकडे पाच-सहा वर्षं उमेदवारी करतात. शोभेच्या वस्तूसाठी एवढं कोणी राबत नाही. नवख्यांची चूक वेगळीच असते: ज्युनिपर हे थंड हवेतलं सदाहरित झाड घरात हीटरजवळ ठेवणं. त्याला ऊन, वारा आणि थंडीतली विश्रांती लागते. मेल्यावरही तो काही आठवडे हिरवा दिसतो, त्यामुळे चूक कळेपर्यंत वेळ गेलेली असते. मुंबईत त्याला पुरेशी थंडीच मिळत नाही. इथे वड, उंबर किंवा चिंच घ्यावी.