४५ लाख कोटींना ‘होय’ कसं म्हणायचं

तुम्ही नुकतेच खासदार झालात असं समजू. अभिनंदन, गळ्यातले हार बाजूला ठेवा आणि जरा इकडे लक्ष द्या, कारण मार्च आला की तुम्हाला देशाच्या वर्षभराच्या खर्चावर मत द्यायचंय आणि नव्या लोकांचा हमखास गैरसमज असतो की त्यासाठी आधी कागद वाचावे लागतात.

ते गठ्ठे उघडू नका. खरंच नका. अर्थमंत्र्यांचं भाषण होतं, मग अधिवेशनाला मधे सुट्टी लागते आणि त्या सुट्टीत २४ स्थायी समित्या एकेका मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे त्याला वर्षाला किती पैसे हवेत ते, तपासतात. तुमचंही नाव एखाद्या समितीत असेलच. समितीचा अहवाल येतो, त्याला बाइंडिंग चांगलं असतं, पण सरकारवर तो बाइंडिंग नसतो.

सुट्टी संपली की लोकसभेत मोजक्या मंत्रालयांवर चर्चा होते. बाकीच्यांचं काय? तिथे गिलोटिन! घाबरू नका, मान कोणाची जात नाही, चर्चेची जाते. ठरलेल्या दिवशी ठरलेली वेळ झाली की अध्यक्ष उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात आणि विषय संपतो. २३ मार्च २०२३ ला तर कुठल्याच मंत्रालयावर चर्चा नाही, साधारण ४५ लाख कोटींचं बजेट गोंधळातच मंजूर. त्या अधिवेशनात विरोधक घोषणा देत होते, सत्ताधारीही घोषणा देत होते (हो, सत्ताधारीसुद्धा, सरकार त्यांचंच असताना), आणि दोन्ही घोषणांच्या मधे जी सापट उरली त्यातून बजेट पास झालं.

आणि हो, सगळ्याच खर्चाला मत द्यावं लागतं असंही नाही. सरकारी कर्जावरचं व्याज हा भारित खर्च, त्यावर चर्चा करता येते पण मतदान होत नाही. त्या वर्षी ते व्याज १० लाख कोटींच्या वर होतं, म्हणजे तेवढं ओझं तुमच्या डोक्यावरून आधीच उतरवलेलं.

आता प्रत्यक्ष मतदान. अध्यक्ष विचारतील, तुम्ही जोरात ‘होय’ म्हणायचं, पलीकडचे ‘नाही’ म्हणतील, आणि अध्यक्षांच्या कानाला जे जास्त वाटेल ते बहुमत. कोणी मतविभागणी मागितलीच तर समोर बटणं असतात, हिरवं म्हणजे होय, लाल म्हणजे नाही, पिवळं म्हणजे तटस्थ. रंग पाठ नसले तरी चालतं कारण पक्षाचा व्हीप, म्हणजे कसं मत द्यायचं त्याचा हुकूम, आदल्या दिवशीच आलेला असतो. समजा तुम्हाला मनापासून वाटलं की अमुक खात्याचा पैसा वाया चाललाय आणि पक्षाचं बटण सोडून दुसरंच दाबलं, तर पक्षाने १५ दिवसांत माफ करावं लागतं, नाहीतर संविधानाच्या दहाव्या परिशिष्टाखाली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याखाली, खासदारकी जाऊ शकते. हे १९८५ पासून आहे. वेगळं मत असलंच तर पक्षाच्या दोन तृतीयांश खासदारांना असावं, मग त्याला पक्षांतर नाही, विलीनीकरण म्हणतात. मराठी माणसाला यापुढे समजावायला नको.

विरोधी बाकावर असाल तर तुमच्यासाठी कपात सूचना आहेत. धोरणच पटत नसेल तर मागणी कमी करून १ रुपया करा अशी सूचना द्यायची, नुसती तक्रार असेल तर १०० रुपये कमी करा म्हणायचं. लाखो कोटींतून १०० रुपये! मजा अशी की ते १०० रुपये खरंच कापले गेले तर सरकारवर विश्वास उरला नाही असं मानतात, त्यामुळे सत्ताधारी त्या १०० रुपयांसाठी दवाखान्यात ॲडमिट असलेल्या खासदारालाही उठवून आणतील. राज्यसभेत असाल तर अजूनच निवांत, धन विधेयक, म्हणजे सरकारी पैशांचं विधेयक, तुमच्याकडे १४ दिवस पडून राहिलं तरी मंजूरच समजतात, तुमच्या शिफारशी लोकसभेने घेतल्या तर घेतल्या.

वाचू नका म्हणतोय ते तुमच्याच भल्यासाठी. १४ मार्च २०१८ बघा. गिलोटिन, साधारण अर्ध्या तासात ९९ मागण्या आणि सोबत करांचं वित्त विधेयकही. त्या विधेयकात परकीय निधीच्या कायद्याबद्दल एक बारीकशी दुरुस्ती होती, २६ सप्टेंबर २०१० ही तारीख काढून तिथे ५ ऑगस्ट १९७६ टाका, बस, एवढंच. तारीख चौतीस वर्षं मागे गेली, म्हणजे कायद्यातली सूट तेवढ्या मागून लागू झाली आणि पक्षांना मिळालेल्या जुन्या परदेशी देणग्यांची भानगड मिटली. कोणी वाचत बसलं असतं तर उगाच प्रश्न विचारावे लागले असते, आणि तेही सगळ्यांनाच अडचणीचे.

त्याच विधेयकात अजून एक कलम होतं, खासदारांचा पगार महिना ५० हजारांचा १ लाख, आणि पुढे दर पाच वर्षांनी महागाईप्रमाणे आपोआप वाढ. तेवढं पान मात्र वाचून ठेवा.