खुलासा: फिल्टर फोनला लावायचा, मोडेमला नाही

जुळे सोलापूरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'घरातल्या प्रत्येक फोन सॉकेटला, मोडेमलाही फिल्टर लावा, नेट दुप्पट पळेल.' हे चुकीचं आहे. (फिल्टर म्हणजे फोनच्या वायरमध्ये जोडायची छोटी डबी.)

फोनच्या तांब्याच्या तारेवरून नेट देणाऱ्या डीएसएल जोडणीत आवाज साधारण 300 ते 3400 हर्ट्झमध्ये जातो. नेट त्याच तारेवरून, पण 25 किलोहर्ट्झच्या वर. फिल्टर ही वरची कंपनं अडवतो, म्हणून रिसीव्हरमधली खरखर थांबते. तो फोन, फॅक्स यांच्या आधी लागतो. मोडेमच्या आधी तोच लावला तर नेटच अडतं.

परवा शेजारच्या काकूंकडे हेच पाहिलं. मेसेज वाचून त्यांनी मोडेमच्या वायरलाही फिल्टर जोडला होता; डीएसएलचा दिवा नुसता लुकलुकत होता. तो काढून वायर थेट सॉकेटला दिली, मिनिट-दोन मिनिटांत दिवा स्थिर झाला. बैठकीतल्या फोनचा फिल्टर तसाच ठेवला, तो हवाच. जोडफिल्टर (फोन आणि मोडेमसाठी दोन खाचा असलेला) असेल तर मोडेम 'डीएसएल' लिहिलेल्या खाचेत.

फिल्टरशिवायच्या फोनमुळे नेट तुटत असेल तर फिल्टरने ते सुधारतं. दुप्पट होत नाही. फायबर असेल तर फिल्टरचा संबंधच नाही, उगाच पैसे घालू नका.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथे हा खुलासा टाका.