गोळ्या सोडायला सांगणाऱ्या मेसेजविषयी

‘एचआयव्हीच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्या की लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर होतो. केमो त्यांना झेपत नाही. मानेत गाठ आली की समजा संपलं. गोळ्या सोडा, काढा घ्या.’ हा मेसेज सध्या हातोहात फिरतो आहे.

आधी गोळ्यांचं बघू. लिम्फोमाचा जो मोठा गट आहे, नॉन-हॉजकिन, त्याचे काही प्रकार एड्सच्या व्याख्येत घातले गेले १९८५ साली. एचआयव्हीवरचं पहिलं औषध, झिडोव्हुडिन, मंजूर झालं १९८७ मध्ये. बापाच्या आधी पोराचं बारसं झालं म्हणायचं!

खरा गुन्हेगार वेगळा आहे. एपस्टाइन-बार नावाचा विषाणू बहुतेक मोठ्या माणसांच्या बी-पेशींत, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या रक्तपेशींत, निपचित पडून असतो. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्तीचा पहारा ढिला पडतो, शिवाय बी-पेशी सतत चाळवल्या जातात. त्यातून एखादी बिथरते आणि कॅन्सरची होते. २०१५ च्या ‘स्टार्ट’ अभ्यासात सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची रक्तातली मोजणी) ५०० च्या वर असलेल्या ४,६८५ जणांचे दोन गट केले होते. लगेच गोळ्या सुरू केलेल्यांत लिम्फोमा झाला ३ जणांना, गोळ्या पुढे ढकललेल्यांत १० जणांना. आकडे लहान आहेत, पण कल मेसेजच्या नेमका उलटा आहे.

एक मात्र कबूल करायला हवं. गोळ्या नियमित घेऊनही धोका इतरांपेक्षा जास्तच राहतो, आणि बर्किट नावाचा लिम्फोमा तर सीडी-फोर चांगला असतानाही गाठतो. ‘आमचा अमुक गोळ्या घेत होता, तरी झाला’ हे म्हणूनच खोटं नसतं. निष्कर्ष तेवढा चुकतो.

केमो झेपत नाही, हे एके काळी बऱ्याच अंशी खरं होतं. आता एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या, चालू ठेवून बहुतेकांना पूर्ण मात्रेची केमो देतात. अडचण औषधांच्या भांडणाची असते: झिडोव्हुडिनने रक्तपेशी घटतात, एचआयव्हीच्याच गोळ्यांत रिटोनाव्हिर असेल तर केमोतलं व्हिन्क्रिस्टिन अंगात साचून नसांना इजा करतं. डोल्युटेग्राव्हिर या एचआयव्हीच्या दुसऱ्या औषधाचं तसं नाही. कॅन्सरच्या डॉक्टरांपासून एचआयव्ही लपवणं म्हणूनच महागात पडतं. लंडनच्या अॅडम कॅस्टिलेहो यांना एचआयव्ही आणि हॉजकिन लिम्फोमा (लिम्फोमाचा दुसरा गट) दोन्ही होते. २०१६ च्या मूळपेशी प्रत्यारोपणानंतर ते दोन्हींतून बरे झाले. तो उपाय सगळ्यांसाठी नाही, पण ‘संपलं’ म्हणणाऱ्यांनी तो ऐकून ठेवावा.

काढ्याबद्दल काय बोलायचं!

आणि मानेतली गाठ? आपल्याकडे ती पुष्कळदा टीबीची, जुन्या भाषेत गंडमाळ, निघते. ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं टीबी आणि लिम्फोमा दोन्हींत सारखंच, त्यामुळे उलटी चूकही होते: टीबी समजून महिनोन्महिने औषध चालतं आणि गाठ वाढत राहते. नुसत्या सुईच्या तपासणीत लिम्फोमा निसटू शकतो. शक्य असेल तर अख्खी गाठ काढून बायोप्सीला पाठवता येईल का, असं डॉक्टरांना विचारायला लाजू नका.