लिओ बेक यांच्या मौनाबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टर, नमस्कार.

लिओ बेक, म्हणजे नाझी काळातले जर्मन ज्यूंचे रब्बी आणि पुढारी, यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनतीनदा वाचली. उत्तराला आठ दिवस लागले, कारण त्याच रात्री लिहायला बसले असते तर नुसतं भांडण झालं असतं.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी गाभा सांगते. ऑशविट्झच्या नाझी छावणीत माणसं विषारी वायूने मारतात हे बेक यांना १९४३ च्या ऑगस्टमध्येच कळलं होतं. ते स्वतः टेरेझिनच्या नाझी छावणीत कैदेत होते. तिथे त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, लोक ऑशविट्झच्या गाड्यांत चढत राहिले, आणि माझ्या लेखात याबद्दल अवाक्षर नाही. वर तुमचा टोला: ‘भटजीने यजमानाला अंधारात ठेवायचं आणि तुम्ही त्याची आरती ओवाळायची.’ शेवटी हेही की चाळीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये तुम्ही एकाही पेशंटपासून निदान लपवलेलं नाही.

अवाक्षर नव्हतं, हे खरं. मला माहीत होतं. लेख लांबतोय म्हणून गाळलं अशी मी माझीच समजूत घातली होती. खरं तर त्या प्रसंगाने माझं चित्र बिघडत होतं.

आता भटजी. रब्बी म्हणजे ज्यूंचा भटजी, हा आपल्याकडचा नेहमीचा घोटाळा. प्रार्थनेला रब्बी लागतच नाही. परंपरेप्रमाणे दहा प्रौढ पुरुष जमले की झालं. त्या दहांना मिन्यान म्हणतात. आपल्या कोकणातले बेने इस्रायली ज्यू, ज्यांना गावोगाव शनवार तेली म्हणत, शेकडो वर्षं रब्बीवाचून राहिले. १७९६ साली मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, झालं, त्यानंतरही प्रार्थना म्हणवून घ्यायला हजान असला की भागत असे. रब्बीचं मूळ काम शिकवण्याचं आणि निवाड्याचं. कुणीतरी अडचण घेऊन येतं, रब्बी ग्रंथ उघडतो, आधीच्यांनी काय म्हटलंय आणि कोणी त्यांना खोडून काढलंय ते पाहतो, मग सांगतो. तालमूदमध्ये, म्हणजे ज्यूंच्या धर्मचर्चेच्या मोठ्या ग्रंथात, तर वादात हरलेल्याचं मतही जपून नोंदवलेलं असतं. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

बेक अशा रब्बींच्या घरातलेच. जन्म १८७३ चा, लिसा गावचा, वडीलही रब्बी. स्वतः रब्बी झाले ते आधी ओपेल्न, ड्युसेलडॉर्फ, मग १९१२ पासून बर्लिनला. पहिल्या महायुद्धात कैसरच्या सैन्यात ज्यू सैनिकांचे रब्बी म्हणून गेले होते. १९३३ मध्ये हिटलर आला आणि जर्मनीतल्या पाच लाखांवर ज्यूंच्या मध्यवर्ती संघटनेचं अध्यक्षपद साठीला टेकलेल्या या माणसाच्या गळ्यात पडलं. लोकांना परदेशी पाठवायचं, मागे राहिलेल्यांच्या शाळा आणि पोटापाण्याचं बघायचं, आणि त्यासाठी ज्यांचं तोंड पाहू नये अशा अधिकाऱ्यांच्या दारात बसायचं, असा हा कारभार. १९३५ च्या योम किप्पुरला, म्हणजे त्यांच्या प्रायश्चित्ताच्या उपवासाला, देशभरच्या सिनेगॉगमधून वाचण्यासाठी त्यांनी एक प्रार्थना लिहून पाठवली. देवापुढे आम्ही वाकतो आणि माणसांपुढे ताठ उभे राहतो, असा तिचा सूर. गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, तिच्यावर बंदी घातली आणि यांना उचललं.

इंग्लंड-अमेरिकेहून बोलावणी येत होती. १९३९ मध्ये मुलांच्या एका तुकडीला इंग्लंडला पोचवून ते चक्क परत आले. २७ जानेवारी १९४३ ला त्यांना न्यायला माणसं आली, तेव्हा थोडा वेळ मागून घेऊन गॅसचं आणि विजेचं बिल चुकतं केलं, असं त्यांच्याबद्दल सांगतात. तुम्ही याला ‘भाबडी दंतकथा’ म्हणालात. मला त्यात भाबडं काही दिसत नाही. जी महानगरपालिका आपल्याला कचऱ्यासारखं बाहेर काढतेय तिचं देणं ठेवायचं नाही, यात किती चीड आहे बघा.

टेरेझिनला सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांना कचऱ्याची गाडी ओढायला लावली. संध्याकाळी बराकींच्या माळ्यावर ते प्लेटोवर, यशया प्रेषितावर बोलत. सातआठशे माणसं दाटीवाटीने, उपाशीपोटी ऐकत उभी राहत. हे सगळं मी लिहिलं होतं, आणि इथेच थांबले होते.

पुढचं आता लिहिते. छावणीतल्या एका अभियंत्याने त्यांना ऑशविट्झबद्दल सांगितलं. ही बातमी छावणीतल्या ज्यूंच्या वडीलधाऱ्यांच्या मंडळापुढे नेऊ का, यावर त्यांनी मनाशी पुष्कळ झगडा केला आणि कुणालाच सांगायचं नाही असं ठरवलं. युद्धानंतर त्यांनी स्वतःच हे सांगितलंय, दुसऱ्या कुणी उकरून काढलेलं नाही. कारणं दिली ती अशी: मंडळाला कळलं की काही तासांत अख्ख्या छावणीला कळणार, वायूने मरायचंय हे माहीत असून जगणं अधिकच कठीण, आणि सगळेच मरतील असंही नाही, काहींना मजुरीसाठी निवडतात. हाना अरेंट या जर्मन-ज्यू विचारवंत बाईंनी १९६३ मध्ये यावरून बेक यांना झोडपलं. टेरेझिनहून काही जण आपणहून ऑशविट्झच्या गाडीत बसले, हा अरेंट यांचा मुद्दा आजही बोचतो.

तुम्ही पेशंटचा दाखला दिलात, पण पेशंटला दुसरा डॉक्टर गाठता येतो, औषध घेता किंवा नाकारता येतं. टेरेझिन तटबंदीचं गाव होतं. शिवाय सांगितलं असतं तरी लोकांनी मानलं असतं का? १९४३ च्या सप्टेंबरात तिथून ५,००० माणसं ऑशविट्झला गेली. पुढच्या मार्चमध्ये त्यांच्यातल्या उरलेल्या बहुतेकांना एका रात्रीत मारलं, पण त्याआधी त्यांच्याकडून पुढची तारीख टाकून पोस्टकार्डं लिहून घेतली होती. म्हणजे माणूस गेल्यावरही त्याच्या खुशालीची तारीख कार्डावर होती. घरच्या माणसाच्या अक्षरापुढे कुणाच्या सांगण्याला कोण जुमानतं?

तरीही तुमचा आक्षेप उडवून लावता येत नाही. आमच्याच घरातलं सांगते. आत्याच्या पोटात गाठ निघाली तेव्हा तिला सांगायचं नाही असं ठरलं. ठरवलं कुठे, तर स्वयंपाकघरात, तिच्या खोलीचं दार लोटून, आम्ही पाच जणांनी. रिपोर्ट तांदळाच्या डब्यामागे. महिन्याभराने तिने मला जवळ बोलावून लॉकरची किल्ली दिली आणि म्हणाली, ‘मला कळलंय हे आतोबांना कळू देऊ नकोस, त्यांना सोसायचं नाही.’ तो महिना तिने एकटीने काढला होता.

आम्ही चुकलो, पण निदान पाच जण मिळून चुकलो. त्या रात्री एकाने जरी ‘नको, सांगूया’ म्हटलं असतं तरी वाद झाला असता. बेक यांचं मला खटकतं ते हे. लपवलं यापेक्षा, कुणाला न विचारता एकट्याने ठरवलं. ज्या परंपरेत कोंबडी खाण्याजोगी आहे की नाही यावरही दोन मतं नोंदवतात, त्या परंपरेच्या रब्बीने एवढा मोठा निवाडा दुसरं मत न ऐकता दिला. प्रश्न ज्यांचा होता त्यांना तो विचारताच आला नाही.

एका बाबतीत तर मी तुमच्याही पुढे जाते. बर्लिनमध्ये ज्यूंना घरांतून गोळा करायचं काम ज्यू मदतनिसांनीच करावं, याला बेक यांनी होकार दिला होता. आपली माणसं जरा हळुवारपणे वागतील, हा हिशोब. तो साफ चुकला. टेरेझिनच्या मौनात माझं मन अजून पुढेमागे होतं. इथे होत नाही.

आणि तुम्ही न लिहिलेलं एक. त्यांच्या चार बहिणी टेरेझिनमध्येच वारल्या. मे १९४५ मध्ये छावणी सुटली, त्यांना न्यायला अमेरिकन अधिकारी आला, तरी ते लगेच निघाले नाहीत. छावणीत टायफसची साथ होती. जुलैच्या सुरुवातीला ते बाहेर पडले. म्हणून काही आधीचं फिटत नाही, तेव्हा जमाखर्च मांडत नाही.

मूळ लेखात दोन बदल करतेय. ‘त्यांनी एकाही माणसाला वाऱ्यावर सोडलं नाही’ हे वाक्य काढलंय आणि त्या जागी ऑगस्ट १९४३ चा परिच्छेद घातलाय. गॅसच्या बिलाचं मात्र तसंच ठेवलंय.